आपोआप

मराठी भाषेतल्या ज्या शब्दांवर माझा लहानपणापासून राग आहे, त्यांत 'आपोआप' हा शब्द फार वरच्या नंबरावर आहे. "दूध आपोआप उतू गेलं," "कप आपोआप फुटला," "दिलेले पैसे आपोआप संपले." जगात आपोआप म्हणून काही घडत नसतं, हे मला संसाराच्या दीर्घ अनुभवाने पटलेलं आहे. त्यामुळे आमच्या सौ.ने एके दिवशी "उद्यापासून टाकीची मोटार आपोआप सुरू होणार आणि आपोआप बंद होणार" असं जाहीर केलं, तेव्हा मी मनातल्या मनात हसलो. उघड हसण्याचं वय आणि धाडस आता राहिलेलं नाही.

चंद्रपुरात आमचं घर दुमजली आहे. खाली नळाच्या पाण्याचं टाकं, वर गच्चीत टाकी, आणि या दोहोंच्या मध्ये अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार. मोटार लावायचं काम माझ्याकडे आणि बंद करायचं कामही माझ्याकडेच. यांपैकी पहिलं काम मी आयुष्यात कधी विसरलो नाही. दुसऱ्याविषयी मतभेद आहेत. मोटार लावून मी पेपर उघडायचो, आणि अग्रलेखाच्या दुसऱ्या परिच्छेदापर्यंत पोचेतो गच्चीवरून पाण्याची धार शेजाऱ्यांच्या तुळशीवर पडू लागायची. आमच्या जिल्ह्यात चिमूरकडे मुक्ताई नावाचा एक सुंदर धबधबा आहे. शेजारी खिडकीतून नुसतं "मास्तर, मुक्ताई सुरू झाली" म्हणायचे, की मी चष्मा सांभाळत बटणाकडे धावायचो.

मग एक इलेक्ट्रिशियन आला. त्याने टाकीत दोन तारा सोडल्या, एक खोल आणि एक वर. खालची तार कोरडी पडली की मोटार सुरू, वरची भिजली की बंद. भिंतीवर एक छोटी डबी बसवली. तिच्यावर एक खटका. एका बाजूला 'ऑटो', दुसऱ्या बाजूला 'मॅन्युअल'. खटका 'ऑटो'कडे करून तो निघून गेला, आणि सदतीस वर्षं सांभाळलेल्या माझ्या पदावरून मी, निरोपसमारंभाशिवाय, निवृत्त झालो.

पहिल्या तीन रात्री मी उठून गच्चीवर जाऊन आलो. चौथ्या रात्री अंधारातून सौ.चा आवाज आला, "अहो, झोपा आता. मोटार जागी आहे."

माझा अविश्वास हा निव्वळ म्हातारपणाचा हट्ट नव्हता. त्याला इतिहास होता. माझं बालपण मूलला गेलं. मूल म्हणजे धानाचं गाव आणि राईस मिलांचं गाव. आमच्या शाळेच्या वाटेवर एक मिल होती आणि त्या मिलमध्ये एक मेस्तरी होते. मोटार सुरू करण्याचा विधी बघायला आम्ही पोरं प्रार्थना चुकवायचो. भिंतीवर तेलाने भरलेली एक लोखंडी पेटी, तिला कोपरभर लांबीचं हँडल. मेस्तरी हात पुसायचे, हँडल एका बाजूला ओढून धरायचे आणि मान तिरकी करून ऐकत राहायचे. मोटार आधी घुमायची, मग सूर धरायची, मग सूर चढायचा. तो एका ठरावीक पट्टीला पोचला की मेस्तरी खाडकन हँडल दुसऱ्या बाजूला फेकायचे आणि सगळी मिल थरथरायला लागायची.

"एकदमच काहून नाही लावत जी?" मी एकदा विचारलं.

"अरे, मोटर म्हंजे बसलेला बैल हाय. बसल्या बसल्या तुतारी टोचली, तं जू मोडते. आदी पाठीवरून हात फिरवाचा, उभा रायला का मंग हाकलाचा."

पुढे कळलं की यालाच 'स्टार-डेल्टा' म्हणतात. थांबलेली मोटार एकदम चालू केली तर सुरुवातीचे काही क्षण ती नेहमीच्या सहापट करंट ओढते. म्हणून आधी तारा 'स्टार'मध्ये जोडायच्या; प्रत्येक वेटोळ्याला शंभराऐवजी अठ्ठावन्न टक्के दाब मिळतो आणि लाईनवरचा ओढा एकतृतीयांशावर येतो. मोटारीने वेग घेतला की 'डेल्टा'. कारखान्यांतून आता हे काम टायमर करतो. आमच्या मूलच्या मिलमध्ये ते काम मेस्तरींचा कान करायचा.

त्याच पेटीत आणखी एक गंमत होती. लाईन गेली की हँडल आपोआप सुटून मागे यायचं, आणि लाईन परत आली तरी ते पुन्हा कोणी ओढल्याशिवाय मोटार ढिम्म हलायची नाही. एकदा लाईन गेलेली असताना मेस्तरी उतरलेला पट्टा चढवत होते. उजवा हात कोपरापर्यंत पुलीत होता. तेवढ्यात दिवे लागले. मिलमध्ये एक शब्द उमटला नाही. पट्टाही हलला नाही. मेस्तरींनी हात बाहेर काढला, आमच्यापुढे धरला आणि म्हणाले, "पाहा लेकाहो. हा हात त्या पेटीनं राखला."

आज विहिरीवरच्या स्टार्टरच्या डब्यात हीच युक्ती असते. हिरवं बटण दाबलं की आतली कॉईल लोहचुंबक होते आणि पट्ट्या ओढून धरते. वीज गेली की चुंबक संपला, पट्ट्या सुटल्या. पुन्हा सुरू करायचं तर माणसाचं बोट हवं. म्हणून माझं मत पक्कं होतं: मोटार माणसाच्या हातानेच लागली पाहिजे.

हे मत मी एका आश्विनात ब्रह्मपुरीकडे घेऊन गेलो. माझी सासुरवाडी तिकडची. चांदा फोर्टहून गोंदियाच्या गाडीत बसलं की मूल, सिंदेवाही, नागभीड करत जंगलातून गाडी ब्रह्मपुरीला येते. पुढचं स्टेशन वडसा. मध्ये वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा. १९८२ पर्यंत तोही आमचा चांदाच होता. वाटण्या झाल्या, पण बांध्या इकडेही त्याच आणि तिकडेही त्याच, धान तोच, आणि वाघांना तर वाटणीची नोटीसच मिळालेली नाही.

माझे धाकटे मेव्हणे तिथे पाच एकर धान करतात. आश्विनातला धान पोटरीवर असतो. पावसाने हात आखडला आणि या पंधरा दिवसांत पाणी मिळालं नाही, तर लोंबी येते पण दाणा भरत नाही. तेव्हा मदार विहिरीवर, आणि विहिरीची मदार लाईनवर. 'वीज' हा शब्द आमच्याकडे फक्त आकाशातल्या विजेसाठी राखलेला आहे. तारेतून येते ती लाईन.

आता चंद्रपूर जिल्ह्याने लाईनविषयी बोलावं, ही मोठी करुण गोष्ट आहे. आमच्या गच्चीवरून ऊर्जानगरची धुराडी दिसतात. १९८३ साली तिथला पहिला संच सुरू झाला. तो आता निवृत्त झाला, तरी बाकीच्या संचांची मिळून क्षमता २,९२० मेगावॉट आहे. कोळसा आमचा, धूर आमचा, उन्हाळाही आमचाच. वीज मात्र कर्त्या मुलासारखी पुण्या-मुंबईला नोकरीला. घरी येते ती रात्री. त्या आठवड्यात मेव्हण्यांच्या शेताकडच्या लाईनची पाळी रात्री दहा ते सकाळी सहा अशी होती.

झाडीपट्टीत माणसं रात्र रात्र जागतात ती दोनच गोष्टींसाठी. दिवाळीनंतर नाटकासाठी आणि दिवाळीच्या आधी लाईनसाठी. फरक इतकाच, की नाटकाला हजार माणसं बरोबर असतात. मोटार लावायला माणूस एकटा जातो. हातात टॉर्च, काठी, खिशात मोबाईलवर मोठ्याने लावलेली गाणी. राज्यात सगळ्यात जास्त वाघ आमच्या जिल्ह्यात आहेत, आणि ते सगळे काही ताडोबात पर्यटकांना दर्शन देत बसलेले नाहीत. ब्रह्मपुरीच्या जंगलातले वाघ गावांच्या आणि बांध्यांच्या मधूनच संसार करतात.

पहिल्या रात्री जेवणं झाल्यावर मी मेव्हण्यांना म्हटलं, "मोटार लावायला निघायचं कधी? मी येतो."

"कोठं जाता भाऊजी? ऑटो बसवलं न. लाईन आली का मोटर आपोआप लागते."

पुन्हा 'आपोआप'! मी खुर्ची पुढे ओढली आणि त्यांना मूलची मिल, मेस्तरी, पट्टा आणि तो कोपरापर्यंतचा हात असं सगळं साग्रसंगीत सांगितलं. स्टार्टरला हिरवं बटण का असतं, मुळात तो शोध लावणाऱ्याच्या मनात काय असेल, यावरही थोडा प्रकाश टाकला. मेव्हण्यांनी सुपारी कातरत सगळं ऐकून घेतलं.

"बराबर हाय जी तुमचं," ते म्हणाले. "पन मेस्तरीचा हात मोटरपासी होता. माहा हात घरी, मोटर दीड किलोमीटरवर, अन् मदात जंगल. तुमच्या डब्यानं मेस्तरीचा हात राखला. माह्या डब्यानं मले पुरा राखला."

चाळीस वर्षं शिकवण्यात घालवलेल्या माणसाला एका वाक्यात गप्प करणं सोपं नसतं. मी पाणी मागितलं.

त्यांनी मग मला अंगणाच्या टोकाला नेलं. दूर काळ्याशार झाडोऱ्याच्या अलीकडे एक बल्ब लुकलुकत होता. मोटार लागली की लागतो, थांबली की विझतो. खाटेवर पडल्या पडल्या बल्ब बघायचा आणि कूस बदलायची. रात्रीतून लाईन चार वेळा गेली आणि आली तरी आतला डबा हिरवं बटण दाबल्यागत मोटार पुन्हा लावतो. दोन वर्षांपूर्वी असा डबा गावात एकाचकडे होता. त्या साली चौदांपैकी चौदांकडे झाला होता.

आणि तिथेच घोटाळा होता. माझ्या मुक्कामाच्या तिसऱ्या रात्री दहा वाजता लाईन आली. चौदा बल्ब एका क्षणात लागले. मला तर दिवाळी आल्यासारखंच वाटलं. पुढच्या क्षणी सगळे पिवळे पडले, थरथरले, आणि बांधावरच्या डीपीच्या दिशेने असा आवाज झाला की गावातली सगळी कुत्री एकमताने बोलू लागली. मग अंधार.

सकाळी सगळं गाव डीपीभोवती उभं. खांबावरून तेल ओघळलेलं. मी मास्तर असल्यामुळे आकडेमोड माझ्याकडे आली. पाच हॉर्सपॉवरची एक मोटार चालताना साधारण सात-साडेसात अँपिअर घेते. चौदांचे झाले शंभरच्या आसपास. शंभर केव्हीएची डीपी सव्वाशे-दीडशेच्या मधलं ओझं सुखाने वाहते. म्हणजे एरवी काहीच अडचण नाही. पण चौदाच्या चौदा बैलांना एकाच क्षणी तुतारी टोचली, तर त्या क्षणी सहापट. सहाशेच्या वर! दाब खाली बसतो, दाब बसला की मोटारी वेग घेत नाहीत, वेग घेत नाहीत म्हणून करंट उतरत नाही. अशा वेळी फ्यूज जळून डीपी वाचायची. पण फ्यूज वारंवार जातो म्हणून आमच्याच एका हुशार माणसाने त्यात बोटाएवढ्या जाडीची तार अडकवून ठेवली होती. तार शाबूत होती. डीपी गेली.

"मंग अगोदर काहून नाही जळली?" कोणीतरी विचारलं.

मी बराच वेळ विचार केला आणि उत्तर सापडलं तेव्हा मलाच हसू आलं. अगोदर माणसं चालत जायची. लाईन आली की एक जण लगेच निघायचा, दुसऱ्याला चप्पल सापडायची नाही, तिसऱ्याची विडी संपायची असायची, चौथ्याला बायको दोनदा उठवायची. चौदा मोटारी लागायला अर्धा-पाऊण तास लागायचा. या मुलखातल्या डीप्या आजवर कशाने टिकल्या असतील, तर त्या आमच्या आळसाने! डब्याला विडी नाही, चप्पल नाही, बायको नाही. चौदाही डबे एकाच क्षणी कर्तव्याला हजर.

वीजवाले कृषिपंपांना ऑटोस्विच लावू नका म्हणून वर्षानुवर्षं सांगतात, कपॅसिटर बसवा म्हणून विनवतात, ते याचसाठी. त्यांचं काहीच चुकत नाही. पण "ऑटो काढून टाका" हे वाक्य ऑफिसात म्हणायला सोपं. त्या डीपीखाली उभं राहून, समोर झाडोरा दिसत असताना, ते कोणाच्या तोंडून निघेना. माझ्याही नाही.

ब्रह्मपुरीहून एक तरुण मोटार मेकॅनिक आला होता. त्याने एक डबा उघडून आतला बारीक स्क्रू दाखवला. लाईन आल्यावर किती सेकंदांनी मोटार लावायची, ते त्या स्क्रूने ठरतं. विकत आणले तेव्हापासून कोणी तिकडे बघितलंच नव्हतं. सगळे एकाच आकड्यावर. मी ओरडलोच, "अरे, हीच ती विडी! प्रत्येकाला वेगळी द्या!"

ठरलं. एकेका मोटारीत पंधरा सेकंदांचं अंतर. चौदांना मिळून साडेतीन मिनिटं पुरे. ज्यांच्या डब्याला स्क्रू नव्हता त्यांनी तो बदलायचा, फ्यूजमध्ये हिशोबाचीच तार घालायची, कपॅसिटर ज्याने त्याने बसवायचा. सगळं पाच मिनिटांत ठरलं. मग पहिला नंबर कोणाचा, यावर दोन तास गेले.

पंधरा सेकंदांसाठी माणूस किती इतिहास उकरून काढू शकतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. कोणी वयाने मोठा, कोणाच्या आजाने विहिरीला पहिली कुदळ मारलेली, कोणाचं बिल कधी थकलेलं नाही. एकाने लग्नाच्या पंगतीतल्या मानापर्यंत विषय नेला. शेवटी पोलीस पाटील म्हणाले, "पयला नंबर काकूचा. कोनी बोलाचं नाही." आणि खरंच कोणी बोललं नाही.

काकू मागे कडुनिंबाखाली बसल्या होत्या. त्यांचं शेत अगदी जंगलाला लागून. चार वर्षांपूर्वी त्यांचे यजमान पहाटे मोटार लावायला गेले होते. मोटार लागली होती, बांध्या भरल्या होत्या. माणूस घरी आला नाही. गावातला पहिला ऑटोचा डबा त्यानंतर त्यांच्याकडे बसला.

काकूंनी पदर सारखा केला. "मले पयला नको," त्या म्हणाल्या. "शेवटचा द्या. सगळ्यांचे बल्ब लागू द्या, मंग माहा. कोनी बाहीर नाही, एवढं दिसलं म्हंजे मले झोप लागते."

त्यानंतर बाकीचे तेरा नंबर ठरायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

नवी डीपी पाचव्या दिवशी आली. मी मुक्काम वाढवला होता. रात्री दहाला आम्ही सगळे अंगणाच्या टोकाला उभे होतो. लाईन आली. गावातल्या घरांवरून एक गलका उठला आणि थांबला, कारण शेतात काहीच लागलं नव्हतं. मग नदीकडचा एक बल्ब लागला. थोड्या वेळाने त्याच्या शेजारचा. मग तिसरा. मेव्हण्यांची पोरं मोठ्याने मोजत होती. मला मूलचे मेस्तरी आठवले; मान तिरकी करून, हँडल धरून, घाई न करता उभे असलेले. बारा. तेरा. मग जरा जास्तच वेळ गेल्यासारखा वाटला, आणि अगदी झाडोऱ्याला टेकून चौदावा बल्ब लागला. पलीकडच्या अंगणात कडी लावल्याचा आवाज झाला. काकू झोपायला गेल्या होत्या.

चंद्रपूरला परतल्यावर सौ.ने विचारलं, "काय मग, 'आपोआप'बद्दल मत बदललं का?" मी म्हटलं, पुरतं बदललं. यंत्राला हात लावायची मुळीच गरज नाही. फक्त त्याला थोडं थांबायला शिकवावं लागतं, आणि ते शिकवायला चौदा माणसं एका झाडाखाली आणावी लागतात. तेवढं काम अजून आपोआप होत नाही.

त्या रात्री दोनला मला जाग आली. भिंतीवरच्या डबीवर हिरवा दिवा होता, खटका 'ऑटो'वर होता, टाकी भरलेली होती. हे सगळं मी गच्चीवर जाऊन बघून आलो.

"अहो," अंधारातून आवाज आला, "मत बदललं ना?"

"मत बदललं," मी पांघरूण ओढत म्हणालो. "काळजीचा खटका अजून मॅन्युअलवरच आहे."